मारहाणीची वेळ पाच ते सहा

आमच्या भागात कुणाचा पोपट उडाला, कुणाची म्हातारी वाट चुकली, दुपारी पाणी येणार नसलं किंवा एखादा उमेदवार मतं मागायला घराबाहेर पडला, की ते आधी भोंगाताईला कळायचं आणि मग तिच्या तोंडून आम्हा सगळ्यांना. तिची तीनचाकी सायकल, सायकलवर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून आणि एक मागे, मध्ये लाकडी पेटीत अँप्लिफायर, आणि हातात चेमटलेल्या डोक्याचा माईक. बाई अंगानं एवढीशी. सायकलवर बसली की लांबून वाटायचं, भोंगेच फिरायला निघालेत. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघेल, कुणाला बोलावलं म्हणून.

तिच्या कामाची एक पद्धत होती. सुरुवात ‘लक्ष द्या, लक्ष द्या’ अशी. सांगायचं ते दोनदा सांगायचं. शेवटी ही सूचना कुणाच्या सांगण्यावरून आहे ते पुकारायचं, म्हणजे लोक शिव्या द्यायच्या त्या योग्य माणसाला देतात. आणि सूर एकच. पोपटाला जो सूर, तोच मयताला, तोच उमेदवाराला. एका उमेदवारानं तक्रार केली होती, माझं नाव जरा जोशात घ्या. ती म्हणाली, “साहेब, काल याच आवाजात मी हरवलेली बकरी पुकारली. सापडली ती. तुमचंही होईल.”

गाणी मात्र तिच्याकडे मिळायची नाहीत. भोंगे भाड्यानं घ्या, माईक घ्या, वाढदिवसाला घ्या, सभेला घ्या, पण गाण्याचं नाव काढलं की ती हात झटकायची. “माझ्याकडे फक्त बोलणं मिळतं.” लोकांना वाटायचं, हेकट आहे. हेकट होतीच. पण त्याला कारण होतं, आणि ते तिनं मला एकदा सायकलच्या चाकात हवा भरता भरता सांगितलं होतं.

दुकान मूळचं तिच्या बापाचं. तो रेकॉर्डीसुद्धा ठेवायचा. संध्याकाळी कधीतरी दुकानामागच्या खोलीतून मोठ्यानं गाणं सुरू व्हायचं. बाप रस्त्यावर डोकं काढून सांगायचा, “टेस्टिंग चालू आहे हो!” आणि आत जाऊन बटण आणखी फिरवायचा. गल्ली म्हणायची, काय कष्टाळू माणूस आहे, दुकान बंद झालं तरी काम सोडत नाही. गाणं संपायचं तेव्हा भोंगाताईची आई भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि बाप रुमालानं घाम पुसत असायचा. एकदा समोरच्या घरातल्या मावशीनं निरोप पाठवला होता, कालचं दुसरं गाणं फार छान होतं, आज पुन्हा लावा. बापानं लावलं.

तो गेल्यावर भोंगाताईनं पहिलं काम काय केलं असेल तर सगळ्या रेकॉर्डी भंगारवाल्याला दिल्या. भोंगे ठेवले. म्हणाली, “भोंग्याचा काय दोष?”

मग तो आजार आला. सगळं जग घरात बसलं. आमची कॉलनी म्हणजे समोरासमोर दोन इमारती, ए आणि बी, मध्ये अंगण, एक गेट, आणि गेटला लागून भोंगाताईचं दुकान, एक दार रस्त्याकडे आणि एक अंगणात. एक पेशंट निघाला आणि गेटला कुलूप पडलं. ना कुणी आत, ना कुणी बाहेर. दोन्ही इमारतींवर राज्य समितीचं. अध्यक्ष म्हणजे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांना पाणी कधी मिळणार नाही ते सांगत आले, त्यामुळे वेळापत्रक लावायची सवय हाडात मुरलेली. सचिव त्यांच्या मागे मान हलवायला. समितीत बाई एकही नाही. मी एकदा विचारलं होतं, तर अध्यक्ष म्हणाले, “बायकांना घरची कामं असतात, उगाच त्रास कशाला?” केवढी ती काळजी.

समितीनं भोंगाताईला कामाला लावलं. दूध आलं, लक्ष द्या. कचऱ्याची वेळ झाली, लक्ष द्या. गच्चीवर कपडे वाळत घालायची आजची पाळी कुणाची, लक्ष द्या. ही गच्चीची पाळी अध्यक्षांचा जीव की प्राण. आदल्या दिवशी भोंगाताईकडे नाव सांगायचं, आधी येईल त्याची पाळी, एका वेळी एकच घर. आणि पाळी घेऊन तुम्ही एक रुमालसुद्धा वाळत घातला नाही तरी दोरी तुमचीच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. या नियमावरून आधी दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, म्हणून तो पक्का केलेला. शिवाय समितीनं ठराव करून भोंगाताईच्या माईकलाही मास्क घालायला लावला. निळा, दोन नाड्यांचा. ती म्हणाली, “माईकला खोकला नाही हो.” अध्यक्ष म्हणाले, “धोका कशाला पत्करा?”

आता एक झालं. रस्ते गप्प झाले. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत, समोरचं बांधकाम बंद. आणि त्या शांततेत आम्हाला एकमेकांची घरं ऐकू यायला लागली. कुणाचे आजोबा घोरतात, कुणाचा नळ गळतो, आणि बी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काय चालतं.

तिथं शिकवणीच्या बाई राहायच्या. गणित शिकवायच्या, आता फोनवरून. निम्मी कॉलनी त्यांच्या हाताखालून पास झालेली. त्यांचा नवरा विमा एजंट. त्याला सगळे विमासाहेब म्हणायचे. इतका गोड माणूस की विमा न घेतल्याबद्दल आपल्यालाच अपराध्यासारखं वाटावं. जिन्यात भेटला की दोन पायऱ्या खाली उतरून वाट द्यायचा. आजार आल्यापासून हातात मोजे, खिशात सॅनिटायझर, तोंडावर एकावर एक दोन मास्क. अध्यक्ष सभेत त्याचं उदाहरण द्यायचे. बाईंनी पुढे मला सांगितलं ते ऐका. तो मारायच्या आधी हात स्वच्छ करायचा. मारून झाल्यावर पुन्हा करायचा. सॅनिटायझरच्या बाटलीची टोपी उघडल्याचा आवाज आला की बाईंना कळायचं.

पूर्वीही मारायचा. पण तेव्हा रस्ता त्याच्या बाजूनं होता.

मी पोलिसांचा नंबर लावला. तिथं एक मुलगी रेकॉर्डवर सांगत होती, घरीच राहा, सुरक्षित राहा. चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा मी तिला जे बोलले ते इथं छापता येणार नाही, आणि रेकॉर्डला कळलंही नाही. मी जिना चढून त्यांचं दार वाजवलं, तर विमासाहेब साखळी लावूनच दाराच्या फटीतून म्हणाला, “ताई, अंतर ठेवा.”

त्यानंतर विमासाहेब दुकानात गेला. भोंगाताई तेव्हा वायर गुंडाळत होती.

“ताई, एखादा स्पीकर मिळेल का भाड्यानं? घरातच लावायचा. संध्याकाळी जरा गाणीबिणी.”

“माझ्याकडे गाणी मिळत नाहीत, साहेब.”

“गाणीच पाहिजेत असं काही नाही,” विमासाहेब रुमालानं घाम पुसत, हसून म्हणाला. “कुठलाही आवाज चालेल. फक्त मोठा पाहिजे.”

भोंगाताईच्या हातातली वायर तिथंच थांबली. मला नंतर म्हणाली, “तोच घाम गं. तोच रुमाल. फक्त माझ्या बापाच्या तोंडावर मास्क नव्हता.” त्याला तिनं एवढंच सांगितलं, “माझे भोंगे घरात जात नाहीत. रस्त्यावरच वाजतात.”

पुढच्या रविवारी समितीची सभा झाली. अंगणात खडूचे गोल, प्रत्येक गोलात एक पुरुष. मी आमंत्रण नसताना माझा गोल स्वतः काढून उभी राहिले. भोंगाताई गेटजवळ सायकलवर बसलेली, कारण काय ठरलं ते तिलाच पुकारायचं होतं.

सचिव तावातावानं उठले. मला वाटलं, चला, याला तरी कणा फुटला. म्हणाले, “माझ्या मुलीचा वर्ग चालू असतो. काल भूमितीच्या तासाला वरून असा आवाज आला की शाळेतले सर म्हणाले, कोण ओरडतंय ते, म्यूट करा. सगळ्या वर्गासमोर! आमची काही इज्जत आहे की नाही?”

सगळ्या गोलांनी माना हलवल्या. खरंच आहे. मुलांचं नुकसान होतं.

मी म्हटलं, “अहो, वर एक बाई मार खातेय. पोलीस बोलवा.”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, बंद पडलेल्या मीटरकडे बघावं तसं. “ताई, पोलीस बाहेरून येणार. कुठकुठं हात लावणार. सबंध कॉलनीचा जीव धोक्यात घालायचा का एका घराच्या मतभेदापायी?”

“मतभेद?”

“घरगुती मतभेद. ते सगळ्यांकडे असतात. प्रश्न आवाजाचा आहे.” आणि त्यांच्या डोळ्यात ती चमक आली, जी पूर्वी पाणी बंद करताना यायची. “याला एक वेळ ठरवून देऊ.”

मी खोटं सांगत नाही. ठराव असा झाला: घरगुती मतभेद फक्त संध्याकाळी पाच ते सहा. तेव्हा वर्ग नसतात, बातम्या लागायच्या असतात. गच्चीच्या पाळीचेच नियम. ज्याला मतभेद करायचे असतील त्यानं आदल्या दिवशी भोंगाताईकडे नाव सांगायचं. एका दिवशी एकच घर. भोंगाताई आधी पुकारेल, म्हणजे शेजारी खिडक्या बंद करून घेतील.

विमासाहेब आपल्या गोलात हात मागे बांधून उभा होता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, “तुम्हाला चालेल ना?”

“नियम म्हणजे नियम,” विमासाहेब म्हणाला. “उलट संध्याकाळच बरी. सकाळी मला कामाचे फोन असतात.”

“बघा,” अध्यक्ष आम्हाला म्हणाले, “सहकार्य याला म्हणतात.”

माझा हात चपलेकडे गेला होता. गोलातून बाहेर पडायला बंदी होती म्हणून नाही, भोंगाताईनं गेटजवळून मान हलवली म्हणून थांबले. ती अध्यक्षांना विचारत होती, “काका, मी पुकारताना काय म्हणू?”

“मतभेद म्हण.”

“पोपट उडाला तर मी पोपट म्हणते. पक्षी म्हटलं तर कोण शोधणार? मतभेद म्हणजे नक्की काय, ते लोकांना कळायला नको?”

“तुला कळेल असं म्हण गं. आम्हाला काय ते रोजचं विचारू नकोस.”

“बरं,” भोंगाताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विमासाहेबांनी खरोखर नाव सांगितलं. गेटपाशी येऊन, हात धुऊन, अगदी वाण्याकडे सामान सांगावं तसं. “उद्याची वेळ आमच्या नावावर ठेवा. काल घरात थोडं राहून गेलंय.”

आणि दुसऱ्या दिवशी पाचाच्या आधी भोंगाताईची सायकल बी इमारतीखाली येऊन उभी राहिली. मास्क घातलेला माईक तिनं तोंडाशी धरला.

“लक्ष द्या, लक्ष द्या. बी इमारत, तिसरा मजला. विमासाहेब आज पाच ते सहा आपल्या बायकोला मारणार आहेत. विमासाहेब आज पाच ते सहा आपल्या बायकोला मारणार आहेत. कृपया खिडक्या बंद करून घ्याव्यात. सूचना समितीच्या सांगण्यावरून.”

तोच सूर. दुधाचा, कचऱ्याचा, बकरीचा.

ज्या खिडक्या बंद होत्या त्यासुद्धा उघडल्या. गॅलऱ्या भरल्या. रोज एवढं ऐकणारी माणसं जणू पहिल्यांदा ऐकत होती. सचिवांची मुलगी वह्या टाकून कठड्याशी आली. विमासाहेब गॅलरीत आला, लालबुंद, एक मास्क कानाला लोंबतोय.

“मी असं म्हटलं नव्हतं!”

भोंगाताईनं वर बघितलं. “मग काय करणार आहात, साहेब? सांगा, तेच पुकारते.”

“आम्ही... आम्ही चर्चा करणार आहोत.”

“लक्ष द्या, लक्ष द्या. दुरुस्ती आहे. विमासाहेब आपल्या बायकोशी चर्चा करणार आहेत. चर्चेचा आवाज फार येतो, म्हणून खिडक्या बंद करून घ्याव्यात. सूचना समितीच्या सांगण्यावरून.”

कुणीतरी फस्सकन हसलं. मग ए इमारतीतून हसले, मग बीमधून. त्या दिवशी पाच ते सहा तिसऱ्या मजल्यावर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी खूश. वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! हसण्याचं बिल कुणाला भरावं लागतं हे मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी कचऱ्याच्या वेळेला बाई खाली आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, एका कानात कापसाचा बोळा. मी आणि भोंगाताई दुकानाच्या पायरीवर होतो. बाई एकीकडे मान कलती करून उभ्या राहिल्या, चांगला कान आमच्याकडे करून.

“पाच ते सहा तो अगदी शहाण्यासारखा बसला,” बाई म्हणाल्या. “पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी हात स्वच्छ केले, माझ्या तोंडात टॉवेल कोंबला आणि मग सगळं हसणं वसूल केलं. या कानात आता नुसती शिट्टी वाजतेय.”

भोंगाताई उठली. “चला. गेटचं कुलूप मी दगडानं तोडते.”

“आणि मी कुठं जाऊ?” बाईंचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. “घर माझ्या आईचं आहे. त्या भिंतीवर माझा फळा आहे. मुलं पहाटेपासून माझी वाट बघत असतात. प्रत्येक जण मला विचारतो, कुठं जाणार. अरे, त्याला विचारा ना एकदा तरी. जायचं तर त्यानं जावं.”

तो कसा जाणार? समितीचा लाडका, सभेतला आदर्श. त्याला या गेटातून बाहेर काढायचा तर समितीनंच काढायला हवा. आणि तो तिथं राहिला तर गेट उघडेपर्यंत बाईंचा दुसरा कान राहील की नाही, किंबहुना बाईच राहतील की नाही, हे कुणी सांगावं.

बाईंनी कचऱ्याची बादली खाली ठेवली. उदाहरण सुटायच्या आधी त्यांचा चेहरा असाच व्हायचा, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलंय. “भोंगाताई, उद्याची वेळ कुणाची आहे?”

“कुणाचीच नाही. त्या दिवसापासून कुणी नाव सांगितलं नाही.”

“माझ्या नावावर ठेव. परवाची पण. पुढची सगळी ठेव.”

“आणि पुकारू काय?”

“तेच. फक्त माणसं उलटी कर.”

भोंगाताईनं माईकच्या मास्कच्या नाड्या नीट बांधल्या, वधूवराला मुंडावळ्या बांधाव्यात तशा.

दुसऱ्या दिवशी पाचाच्या आधी:

“लक्ष द्या, लक्ष द्या. बी इमारत, तिसरा मजला. शिकवणीच्या बाई आज पाच ते सहा आपल्या नवऱ्याला मारणार आहेत. शिकवणीच्या बाई आज पाच ते सहा आपल्या नवऱ्याला मारणार आहेत. कृपया खिडक्या बंद करून घ्याव्यात. सूचना समितीच्या सांगण्यावरून.”

आता या बाई म्हणजे सुकलेल्या शेंगेएवढ्या. विमासाहेब दाराच्या चौकटीएवढा. पण काय सांगू तुम्हाला. तो माणूस अनवाणी जिना उतरला. मोजे नाहीत, मास्क नाहीत. थेट अंगणात येऊन ओरडायला लागला, “वाचवा! समिती कुठं आहे? माझ्या जिवाला धोका आहे!”

आणि समिती आली! इतक्या दिवसांत जी मान वर करत नव्हती ती समिती चहाचे कप हातात घेऊन धावत आली. अध्यक्षांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. खडूचे गोल तुडवून सगळे विमासाहेबांभोवती गोळा झाले, अंतरबिंतर गेलं चुलीत. कुणी त्याला खुर्ची दिली, कुणी पाणी. सचिव त्याची पाठ चोळत होते.

बाई सावकाश खाली आल्या. हातात काही नव्हतं. खडूसुद्धा नव्हता.

“हे काय चाललंय?” अध्यक्ष गरजले. “हा हिंसाचार आहे!”

मी इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. म्हणजे शब्द माहीत होता तर.

“मी वेळ घेतली आहे,” बाई म्हणाल्या. “आदल्या दिवशी नाव सांगितलं. एका दिवशी एकच घर. गच्चीचे नियम.”

“नियम त्यासाठी नव्हता!”

“मग कशासाठी होता?”

अध्यक्षांनी सचिवांकडे बघितलं. सचिव चहाच्या कपात बघत होते.

“बाईमाणसानं नवऱ्यावर हात उचलायचा?” शेवटी अध्यक्षांना वाट सापडली. “लोक काय म्हणतील? त्या माणसाची रात्र कशी जाईल याचा काही विचार? घरात बसल्या बसल्या त्याला सतत भीती, आता मारेल, मग मारेल. माणूस जगेल कसा अशानं?”

“अगदी बरोबर बोललात,” बाई म्हणाल्या. “आणखी सांगा.”

तेवढ्यात ए इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून आवाज आला. अध्यक्षीणकाकू. अध्यक्षांची बायको. चाळीस वर्षांत कुणी त्यांचा आवाज गॅलरीच्या बाहेर ऐकला नव्हता.

“भोंगाताई, बाईंनी एखादी वेळ सोडली तर ती माझ्या नावावर ठेव गं.”

“बरं, काकू.”

अध्यक्ष गॅलरीकडे वळले. “अगं, तू काय बोलतेस? मी काय केलंय?”

“कुठं काय केलंय? पण वेळ मिळत असली तर घेऊन ठेवावी. गच्चीची नाही का घेऊन ठेवत आपण?”

“मलाही!” दुसऱ्या मजल्यावरून.

“आणि काकूंच्या नंतर मी!” ही सचिवांची बायको. सचिवांचा हात विमासाहेबांच्या पाठीवरून आपोआप खाली आला.

मग जी पळापळ झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुरुष आपापल्या गॅलरीकडे तोंड करून गोड बोलायला लागले. एकानं तर खालूनच ओरडून विचारलं, “अगं, भांडी घासायची राहिलीत का?” आणि अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या फोनवरून, पोलिसांना फोन लावला. त्यांना रेकॉर्डवरची मुलगी लागली नाही. कुणाचा तरी खास नंबर होता त्यांच्याकडे. कायम होता.

पोलीस आले. गेटचं कुलूप निघालं. ना कॉलनीचा जीव धोक्यात आला, ना कुणाला हात लावायची भीती वाटली. एक हवालदारबाई होती, उंच, झोप न झालेली. अध्यक्षांनी तिला सगळं रंगवून सांगितलं: भयंकर प्रकार, जाहीर धमकी, एक सज्जन गृहस्थ, त्याची बायको.

हवालदारबाईनं खुर्चीतल्या विमासाहेबांकडे बघितलं. मग बाईंकडे. मग बाईंच्या कानातल्या बोळ्याकडे, ज्याचा रंग पांढरा राहिला नव्हता.

“मारणार कोण होतं म्हणालात?”

“या!” सगळे गोल एका सुरात.

“आणि मारलं कोणी?”

मग वरून सचिवांची मुलगी म्हणाली, “विमाकाकांनी. रोज. आमच्या सगळ्या वर्गानं ऐकलंय. सरांनी पण.”

सचिव दचकून वर बघायला लागले. तिला म्यूट करायला कुठं बटण नव्हतं.

बाईंना दवाखान्यात नेलं. तक्रार लिहिली गेली, बाईंनी स्वतः सांगितली, गणितासारखी, पायरी न गाळता. विमासाहेबांच्या बाबतीत समितीनं तातडीचा ठराव केला: त्यांच्या जिवाला धोका असल्यामुळे त्यांना बाईंपासून ताबडतोब वेगळं ठेवावं. वाचा पुन्हा. त्यांच्या जिवाला. दरवाजाची किल्ली बाईंकडे आणि विमासाहेब समितीच्या ऑफिसात, घड्या केलेल्या प्लास्टिक खुर्च्यांच्या राशीशेजारी. वाहतूक सुरू होताच हवालदारबाई त्याला भावाच्या गावी पोचवणाऱ्या गाडीत बसवून गेली आणि बजावून गेली, या गेटात दिसायचं नाही. केस अजून चालू आहे. तारखा पडतात, विमासाहेब कोर्टात सगळ्यांना वाट देत दोन पायऱ्या खाली उभा असतो. बाईंचा तो कान काही परत आला नाही. कुणी म्हणेल, मग जिंकलं काय? घर जिंकलं. फळा जिंकला. रात्री बाटलीची टोपी वाजत नाही, ते जिंकलं.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ.

पोलिसांची गाडी बाईंना घेऊन गेली होती. ऑफिसाच्या खिडकीतून विमासाहेब जेवणाचं काय म्हणून विचारत होता आणि अध्यक्ष त्याला स्टोव्ह कसा पेटवायचा ते बाहेरून समजावत होते, दोघांनाही येत नसल्यामुळे बराच वेळ. माणसं गॅलऱ्यांत तशीच उभी होती. ठराव कुणी रद्द केला नव्हता; करायचा म्हणजे तो केला होता असं कबूल करावं लागलं असतं. वेळ अजून बाईंचीच होती. दोरीवर रुमाल नसला तरी दोरी त्यांचीच.

भोंगाताई गेटपाशी सायकलवर बसून होती. मी तिच्या शेजारी उभी. ती बापाच्या खोलीकडे बघत होती, आईचं नाव काढत होती, असलं काही नाही. ती घड्याळाकडे बघत होती, कारण वेळ संपल्याची सहाची सूचना अजून द्यायची होती आणि काम अर्धं सोडायची तिला सवय नाही. सहा वाजले तशी तिनं माईकचा मास्क काढून खिशात घातला. हे ठरावाविरुद्ध होतं. अध्यक्षांनी बघितलं आणि ते स्टोव्हकडे वळले.

नंतर लोक म्हणायला लागले की तिचा सूर तेव्हा पहिल्यांदा हलला. काही हलला नाही. मी हाताच्या अंतरावर होते. दुधाचा, कचऱ्याचा, बकरीचा, तोच सूर, आणि नेहमीसारखं दोनदा.

“लक्ष द्या, लक्ष द्या. पाच ते सहाची वेळ संपली आहे. आज कुणालाही मारलेलं नाही. आज कुणालाही मारलेलं नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी चालतील. सूचना शिकवणीच्या बाईंच्या सांगण्यावरून.”